नारंगी बॅग, नंबर सत्तेचाळीस

"डोळे मिटून उघड," आरजू म्हणाली.

"डोळे मिटून बॅग कोण उघडतं?" बसूने विचारलं.

"अंधारात गाडी बंद पडली की सगळेच. मीट."

बसूने डोळे मिटले आणि काळ्या बॅगेवर हात फिरवायला सुरुवात केली. पहिल्यांदा बाटलीच्या जाळीत बोट अडकलं, मग मोबाइलच्या कप्प्याची चेन उघडली, मग पाठीमागचा चोरकप्पा. मोठी चेन काही सापडेना.

"रक्त वाहून गेलं," भुवी शांतपणे म्हणाली. "पेशंट गेला."

नव्या पेठेतल्या त्या बॅगांच्या दुकानात भर दुपारी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून बरं. मे महिन्यात सोलापूरकर अशा वेळी घराबाहेर पडत नाहीत. या तिघांना मात्र उन्हाशी काही घेणंदेणं नव्हतं. बसू, त्याची धाकटी बहीण भुवनेश्वरी म्हणजे भुवी, आणि त्यांची मैत्रीण आरजू. सुट्टी लागल्यापासून हे त्रिकूट सकाळी जे बाहेर पडायचं ते जेवायलाच उगवायचं. दुकानदाराने पंख्याखाली बसून आतापर्यंत गप्प राहून पाहिलं होतं. पण निम्मं दुकान जमिनीवर उतरल्यावर त्याच्याही कपाळाला आठ्या पडल्या.

"बाळांनो, शाळेसाठी पाहिजे की सहलीसाठी, एकदा सांगून टाका की."

"गाडीसाठी," आरजू म्हणाली. "अडीअडचणीचं सामान ठेवायला. टॉर्च, मलमपट्टी, लाल त्रिकोण, दोरी, पाणी."

"मग काळीच न्या. मळत नाही. सगळे काळीच नेतात."

"म्हणूनच नको," आरजू म्हणाली. कारण काळ्या बॅगेचा विषय तिच्या घरात दुखरा होता.

आरजूचे अब्बा, मैनुद्दीन, सिद्धराम शेठच्या ट्रॅव्हलर गाडीवर ड्रायव्हर होते. शेठच्या तीन गाड्या. अड्ड्यावर त्यांना नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांनी ओळखायचे: सत्तेचाळीस, बावन्न आणि नव्वद. सत्तेचाळीस अब्बांची. तिच्यात त्यांनी स्वतः जुळवलेल्या सामानाची एक काळी बॅग होती. मागच्या आठवड्यात ती गाडीतून गायब झाली. शेठनी सगळ्या ड्रायव्हरांसमोर अब्बांना सुनावलं, "मैनूभाई, एक बॅग सांभाळता येत नाही तुम्हाला. मग येत्या महिन्यात नवी गाडी येतेय, ती कुठल्या भरवशावर देऊ तुमच्या हातात? दुसरी बॅग घ्या. तीही गेली तर नव्या गाडीचं नाव काढू नका."

नव्या गाडीवर अब्बांचा किती दिवसांपासून डोळा होता ते घरात सगळ्यांना माहीत होतं. अब्बा शेठना एका शब्दाने उलटून बोलले नाहीत. पण त्या रात्री ते अर्ध्या भाकरीवरच ताटावरून उठले, आणि आरजूला ते फार लागलं. एरवी अब्बा दोन भाकऱ्या खाऊन तिसरीला नाही म्हणायला लाजतात.

आज अब्बांना अक्कलकोटची ट्रिप होती. बॅग आणायचं काम त्यांनी आरजूवर सोपवलं, आणि आरजूवर सोपवलं म्हणजे तिघांवर आलंच.

"मला विचाराल तर ही घ्या," बसूने काळी बॅग अजून सोडली नव्हती. "सतरा कप्पे आहेत. मोबाइल चार्ज करायचं भोकसुद्धा आहे."

"सतरा कप्प्यांत कात्री शोधत बसणार तू?" भुवी म्हणाली. "आरजूच्या अम्मीच्या पर्समध्ये चारच कप्पे आहेत, तरी रिक्षाचे सुट्टे पैसे सापडत नाहीत. हो की नाही गं?"

"मग ती मोठी घ्या, ट्रेकिंगची. अख्खं घर मावेल."

"मावेल ना. म्हणूनच कोणीतरी भरेल. आणि मग उचलायला कोण, तू?" आरजूने ती मोठी बॅग भुवीच्या पाठीवर चढवली. मागून भुवी दिसेनाशीच झाली, नुसते दोन पाय दिसत होते. "हे बघ. आपल्यात जो सगळ्यात लहान आहे त्याला उचलता आली पाहिजे. मोठी माणसं जवळ असतीलच कशावरून?"

शेवटी कोपऱ्यात, सगळ्यात खाली, एक नारंगी बॅग सापडली. भडक म्हणजे डोळ्यात खुपेल इतकी नारंगी. चेन तीन बाजूंनी फिरत होती, त्यामुळे ती पुस्तकासारखी सपाट उघडायची आणि आतलं सगळं एका नजरेत दिसायचं. कप्पे दोनच. पट्टे रुंद, छातीवर बंद करायची क्लिप. भुवीने ती डोळे मिटून उघडली, मग एका हाताने उघडली, मग दुकानदाराचे थंडीतले हातमोजे मागून घेऊन घालून उघडली.

"हा रंग कोणी नेत नाही," दुकानदार म्हणाला. "दोन वर्षं पडून आहे ती."

"कोणी नेत नाही तेच बरं," आरजू म्हणाली. "द्या."

*

होटगी रोडला शेठच्या गाड्यांचा अड्डा होता आणि रस्त्यापलीकडे, अगदी समोर, बसूच्या वडिलांचं गाड्यांच्या सीट शिवायचं दुकान. गुरप्पांच्या दुकानात रेक्झीनचे गठ्ठे, फोमचा भुगा आणि शिलाई मशीनचा आवाज असं कायम असायचं. तिथेच सामान भरायचं ठरलं होतं.

तिघं अड्ड्यावरून जात असताना सिद्धराम शेठ दारातच उभे होते. डॉक्टरांनी सारखं पाणी प्यायला सांगितल्यापासून शेठ पाठीला बॅग लावून फिरत. तिच्यातून बाटली काढून त्यांनी दोन घोट घेतले आणि नारंगी बॅगेकडे पाहिलं.

"हे काय, झेंडूचं पोतं आणलंय का?"

"लांबून दिसावी म्हणून, शेठकाका," भुवी म्हणाली.

"दिसू दे. राहू दे म्हणजे झालं," शेठ म्हणाले. त्यांच्या आवाजातला टोमणा आरजूला बरोबर लागला. तिचे कान लाल झाले.

सामान भरायचं काम भुवीचं. तिचा नियम एकच होता: जे आधी लागेल ते वर. म्हणून टॉर्च आणि हातमोजे सगळ्यात वर, त्याखाली मलमपट्टी, त्याखाली दोरी. बंद पडलेल्या गाडीच्या मागे रस्त्यावर उभा करायचा लाल त्रिकोण घडी करून पाठीच्या बाजूला. मलमपट्टीसाठी आरजूच्या अम्मीने, जमीलाने, स्टीलचा जुना डबा दिला होता. सोलापूरच्या उन्हात बंद गाडीत चिकटपट्टीची चटणी होते, हा अनुभव मागच्या बॅगेचा होता. बसूने बाजूच्या कप्प्यात शेंगदाण्याची चिक्की ठेवली, "कोणाला भूक लागली तर" म्हणून. तो कोण असणार ते सगळ्यांना माहीत होतं.

"मागची बॅग अशी सपाट उघडत नव्हती," आरजू म्हणाली. "पट्टापण उसवला होता तिचा. अम्मीने हिरव्या दोऱ्याने शिवला, घरात काळा दोरा नव्हता म्हणून. अब्बा किती हसले होते."

गुरप्पांनी बॅगेच्या कडेला रेडियमची पट्टी शिवून दिली. संध्याकाळी अक्कलकोटहून आलेल्या अब्बांनी ती उचलून पाहिली, उघडून पाहिली, आणि ड्रायव्हरच्या सीटमागे बेल्टने बांधून टाकली.

"डिकीत नाही ठेवत?" बसूने विचारलं.

"डिकीत ठेवली की तिच्यावर पॅसेंजरच्या दहा बॅगा बसतात, बेटा. गरज आपल्याला, आणि आधी उतरवायचं दुसऱ्याचं सामान. नको."

*

दोन-तीन दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी भुवीने सहज बॅग उघडली, आणि ती तिथेच मांडी घालून बसली.

"टॉर्च खाली आहे."

"मग?" बसू म्हणाला.

"टॉर्च वर ठेवला होता मी. दोरी वर आलीय. डब्याचं झाकण उलटं लावलंय. कोणीतरी सगळं बाहेर काढून परत कोंबलंय." तिने बसूकडे रोखून पाहिलं. "चिक्की पण नाही."

"चिक्की मी खाल्ली," बसू लगेच म्हणाला. "पण ती बाजूच्या कप्प्यातून. आतल्याला हात नाही लावला, देवाशपथ."

अब्बांना विचारलं तर त्यांनी बॅग उघडलीच नव्हती. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे हीपण चालली," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून तिघांनी गुरप्पांच्या दुकानात मुक्काम ठोकला. एकाने रेक्झीनच्या गठ्ठ्यावर बसून रस्त्यापलीकडच्या अड्ड्यावर नजर ठेवायची, बाकीच्या दोघांनी गुरप्पांना फोम कापायला मदत करायची. सकाळ गेली. बसूची पाळी होती आणि त्याला डुलकी लागत होती, तेवढ्यात सत्तेचाळीसच्या दारातून काहीतरी नारंगी बाहेर आलं. डुलकी कुठच्या कुठे गेली.

"आरजू. बॅग चालली."

पलीकडून बॅग हातात धरून निघालेला माणूस होता शहाजी. बावन्न नंबर तोच चालवायचा, आणि अड्ड्याची सगळी देखरेखही त्याच्याकडेच. चोराने जावं तसा तो जात नव्हता. गुणगुणत चालला होता. नव्वद नंबरच्या गाडीत त्याने बॅग टाकली आणि फडक्याने काच पुसायला लागला.

"काळी असती तर इथून दिसलीच नसती," भुवी म्हणाली.

तिघं रस्ता ओलांडून गेले. बसूने चेहरा शक्य तितका भोळा केला. ते त्याला फारसं जड गेलं नाही. "शहाजीमामा, नव्वद कुठं निघाली?"

"पासिंगला. वर्साची तपासणी असती की गाडीची." शहाजीने फडकं झटकलं. "तुमी उन्हाचं काय फिरताय? जावा सावलीला."

"आणि आमची बॅग?"

"आरं, तासाभराचा तर प्रश्न हाय. दाखवायची आन् परत ठिवायची. कालपण नेली हुती, पण पाळी आली न्हाय. मैनूभाईला कशाला सांगताय?"

"आणि मागची काळी बॅग?" आरजूने विचारलं. "तीपण दाखवायला नेली होती का?"

शहाजीचं गुणगुणणं थांबलं. त्याने एकदा शेठच्या केबिनकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "त्या बॅगेचं मला काय इचारू नका," म्हणत तो गाडीत चढला आणि निघूनही गेला.

दुपारी नव्वद परत आली. हेडलाइट नीट नव्हता, म्हणून तिला पुन्हा बोलावलं होतं. नारंगी बॅग सत्तेचाळीसमध्ये परत आली, आतून पार उलटीपालटी.

गुरप्पांना हे सांगितलं तर त्यांना काही नवल वाटलं नाही. "अड्ड्यावर हे चालतंच की. एकाची औषधाची पेटी, दुसऱ्याचा आग विझवायचा सिलिंडर, तिसऱ्याचा त्रिकोण. ज्याची गाडी पासिंगला, त्याच्याकडं सगळं जमा. आमच्या वेळी एका गल्लीत एकच कोट होता, ज्याचं लग्न त्याच्या अंगावर. तसंच."

"पण अप्पा," भुवी म्हणाली, "कोट एका दिवसापुरता लागतो. रस्त्यात बॅग लागली तर?"

गुरप्पांचं मशीन थांबलं. ते म्हणाले, "ते आजपर्यंत कोणी विचारलं नाही बाळ."

आरजूचा मात्र संताप संताप झाला होता. "म्हणजे न्यायची शहाजीमामांनी आणि ऐकून घ्यायचं अब्बांनी. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी आत्ता जाऊन शेठना सांगते."

ती गेली नाही, कारण अब्बांनी तिला अडवलं. "शहाजी माझ्या जोडीचा माणूस आहे. माझ्या अपघाताच्या वेळी महिनाभर माझी ट्रिप त्याने मारली. त्याची चुगली मी करणार नाही, आणि तूपण नाही. बॅग गाडीत राहिली म्हणजे बस."

"आणि नवी गाडी?"

"नशिबात असेल तर मिळेल," अब्बा म्हणाले. पण बोलताना त्यांनी आरजूकडे पाहिलं नाही.

चुगली करायची नाही, आणि बॅग तर जाऊ द्यायची नाही. तिघं फोमच्या ढिगावर बसून डोकं खाजवत राहिले. डोकं बसूचं चाललं, आणि याचं त्याला स्वतःलाच सर्वात जास्त आश्चर्य वाटलं.

"अप्पा, तो कोट कोणाचा आहे ते पाठीवर लिहिलं असतं, तर दुसऱ्या नवऱ्या मुलाने घातला असता का?"

गुरप्पा हसले. त्यांनी पांढऱ्या रेक्झीनचा तुकडा ओढला. रात्रीच्या जेवणाआधी नारंगी बॅगेच्या दोन्ही बाजूंना वीतभर उंचीचे आकडे शिवून झाले होते: ४७.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहाजी गुणगुणत आला, सत्तेचाळीसमध्ये वाकला, बॅग उचलली. मग ती उलटी केली. दुसऱ्या बाजूलाही तेच. नव्वद नंबरच्या गाडीत सत्तेचाळीसची बॅग दाखवली तर तपासणारा काय म्हणेल, ते कळायला फार शिक्षण लागत नाही. त्याने बॅग गुपचूप जागेवर ठेवली आणि समोरच्या दुकानाकडे पाहिलं. रेक्झीनच्या गठ्ठ्यावरून तीन डोकी एकदम खाली गेली.

नव्वदचं पासिंग राहिलं ते राहिलंच.

*

त्या रविवारी बसू आणि भुवीच्या मामेबहिणीचं सांगोल्याला लग्न होतं. गुरप्पांकडची मंडळी, शेजारीपाजारी आणि आरजूचं घर, सगळ्यांना घेऊन दोन गाड्या निघाल्या. पुढे बावन्न, तिच्यात शहाजी आणि मानाचे पाहुणे म्हणून सिद्धराम शेठ. मागे सत्तेचाळीस, तिच्यात पोरंटोरं, भांडीकुंडी आणि पिण्याच्या पाण्याचे जार.

मंगळवेढा मागे पडलं. ऊन असं की खिडकीच्या लोखंडाला हात लावायची सोय नव्हती. एक वळण घेतल्यावर अब्बांनी गाडी एकदम हळू केली. पुढे बावन्न रस्त्यातच तिरकी उभी होती. बॉनेट उघडं, वाफेचे लोट. माणसं बाभळीच्या चिमूटभर सावलीला दाटीवाटीने उभी. आणि शहाजी हात धरून खाली बसलेला.

"गरम रेडिएटरचं झाकण उघडलं वाटतं," अब्बा म्हणाले. त्यांनी गाडी रस्त्याच्या पूर्ण खाली घेतली. "पोरांनो, रस्त्याच्या बाजूने उतरायचं नाही. या दाराने, आणि त्या बाभळीकडे. आरजू, आधी त्रिकोण."

भुवीने बॅग उघडली. त्रिकोण तिच्या हातात आला तोपर्यंत अब्बा सीटवरून उतरलेही नव्हते. ते त्रिकोण घेऊन मागच्या वळणाकडे पळाले. बॅग बंद करून बसूने पाठीवर टाकली, छातीवरची क्लिप लावली, आणि मोकळ्या दोन्ही हातांनी त्याने व आरजूने पाण्याचा जार उचलला.

शहाजीभोवती माणसांची गर्दी होती आणि प्रत्येकाकडे एक सल्ला होता.

"दात घासायची पेस्ट लावा," शेजारची नागम्मा मावशी म्हणत होती. "कोणाकडं आहे का पेस्ट?"

"गाडीतली बॅग काढा ना," सिद्धराम शेठ ओरडत होते. "शहाजी, बावन्नची मलमपट्टीची बॅग कुठाय?"

शहाजीने ओठ घट्ट मिटले होते. ते दुखण्याने की आणखी कशाने, ते सांगता आलं नसतं.

"मावशी, पेस्ट नको. जरा बाजूला व्हा," भुवी म्हणाली. एरवी मोठ्यांना बाजूला व्हा म्हणायची तिची छाती झाली नसती. "शाळेत दवाखान्यातल्या ताईंनी शिकवलंय. आधी नुसतं पाणी. खूप वेळ. शहाजीमामा, हातातलं कडं काढा, सूज आली की निघणार नाही."

शहाजीने कडं काढलं. आरजू त्याच्या हातावर जारमधलं पाणी सावकाश ओतत राहिली. तो कळवळला, मग हळूहळू त्याचे खांदे खाली आले. हात दंडापर्यंत लालभडक झाला होता.

तेवढ्यात वळणापलीकडून जोरात हॉर्न वाजला. पाण्याने भरलेला टँकर येत होता, आणि सांगोल्याकडच्या टँकरवाल्यांना उन्हाळ्यात किती घाई असते ते तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. बावन्न रस्त्यात आडवी होती आणि तिच्यापासून बाभूळ चार पावलांवर. बायकांनी लहान पोरांना जवळ ओढलं. आरजूने जार सोडला नाही. अब्बा तिकडे वळणावर होते.

ब्रेकचा लांबच लांब कर्रकर्र आवाज आला. वळणावरून टँकर बाहेर पडला तेव्हा तो माणसाच्या चालीने येत होता. बावन्नच्या मागे येऊन तो थांबला आणि ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"लाल त्रिकोण बघितला म्हणून दाबला ब्रेक. न्हायतर काय खरं नव्हतं पावणं."

त्याच्या मागून अब्बा चालत येताना दिसले, आणि आरजू पुन्हा पाणी ओतायला लागली.

हातावर पुष्कळ पाणी ओतून झाल्यावर भुवीने स्टीलच्या डब्यातली स्वच्छ पट्टी सैलसर गुंडाळली. सिद्धराम शेठ हे सगळं जवळ उभे राहून पाहत होते. हाताला आधार म्हणून काही बांधावं, म्हणून त्यांनी पाठीवरची बॅग उतरवली, मातीत आडवी टाकली आणि आतला पंचा शोधायला लागले. बॅगेचा पट्टा उलटा पडला होता.

आरजू बघतच राहिली. पट्ट्याच्या आतल्या बाजूला, काळ्या कापडावर, हिरव्या दोऱ्याचे टाके होते. वाकडेतिकडे. अम्मीचे.

तिने बसूला कोपराने ढोसलं. बसूने पाहिलं, भुवीने पाहिलं.

"शेठकाका," आरजू म्हणाली, "ही बॅग तुम्ही कुठून घेतली?"

"ही? घरी पडली होती. मला वाटलं, आमच्या पोराने, दिग्विजयने, पुण्याहून पाठवली असेल. का?"

"अम्मी, इकडे ये ना जरा."

जमीला पुढे आली. तिने पट्टा हातात घेतला, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि सरळ शेठकडे पाहिलं. "हे टाके माझे आहेत. घरात काळा दोरा नव्हता त्या दिवशी."

मग जमिनीवर बसलेला शहाजी बोलला.

"माझीच चूक हाय शेठ. बावन्नच्या पासिंगला मैनूभाईची बॅग मीच नेली होती. येताना गाडी धुवायला तुमच्या दारात लावली. वैनींनी गाडीतलं सगळं घरात घेतलं, त्यात ती पण गेली. मागायला येणारच हुतो. तर दुसऱ्या दिवशी तुमीच ती पाठीला लावून अड्ड्यावर आला आन् मैनूभाईला बोलायला लागला. माझं त्वांड उचललं न्हाय. आज माझ्याच गाडीत बॅग न्हाय, आन् त्याच्या पोरीनं आन् भुवीनं माझा हात वाचिवला."

शेठ बॅगेकडे बघत होते. ज्या बॅगेपायी त्यांनी मैनुद्दीनला चारचौघांत बोल लावला, ती त्या वेळी त्यांच्याच पाठीवर होती.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," नागम्मा मावशी पुटपुटली. तिचं पुटपुटणं टँकरवाल्यापर्यंत ऐकू गेलं.

शेठनी बॅगेतून आपली पाण्याची बाटली, पंचा आणि शेंगाचटणीची पुडी काढली. रिकामी बॅग झटकली आणि अब्बांसमोर धरली.

"आतलं सामान आमच्याकडे माळ्यावर असेल. तेही देतो. मैनूभाई, चुकलं माझं. आणि हे इथं बोलून भागणार नाही. जिथं तुम्हाला बोललो, तिथंच बोलीन."

अब्बांनी बॅग घेतली. "शहाजीला आधी दवाखान्यात नेऊ," ते म्हणाले. "लग्न काय, अक्षतांना पोचलं तरी चालतं."

टँकरवाल्याने बावन्नला दोरी लावून रस्त्याखाली ओढलं. दोरी अर्थातच नारंगी बॅगेतली होती.

*

सोमवारी सकाळी अड्ड्यावर सगळे ड्रायव्हर जमले असताना सिद्धराम शेठ बोलले. लांबलचक भाषण त्यांना येत नव्हतं. बॅग मैनूभाईंनी हरवली नव्हती, एका बॅगेवर तीन गाड्या चालवायची कंजुषी आपली होती, आणि नवी गाडी मैनूभाईच चालवतील, एवढं ते म्हणाले. मग त्यांनी तिघांना पुढे बोलावलं.

"शहाणी माणसं इथं इतकी आहेत, पण रस्त्यात बॅग लागली तर काय, हे एका भुवनेश्वरीने विचारलं, गुरप्पांनी सांगितलं मला. आता प्रत्येक गाडीला स्वतःची बॅग. नंबर शिवून. आणि निवडायची ती या तिघांनीच, आम्हाला त्यातलं कळत नाही."

हाताला पट्टी बांधलेला शहाजी सगळ्यात जोरात हसला. "रंग तेवढा जरा कमी भडक आणा," तो म्हणाला.

"नाही," तिघंही एकदम म्हणाले.

दुपारी नव्या पेठेतल्या दुकानदाराने तिघांना रस्ता ओलांडून येताना पाहिलं. तो पंख्याखालून उठला आणि ते आत यायच्या आधीच एकेक बॅग खाली उतरवून ठेवायला लागला. हातमोजेही त्याने काढून ठेवले.

त्या रात्री अब्बा जेवायला बसले. त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. अम्मीने तिसरी पुढे केली तेव्हा तोंडाने नको नको म्हणाले, ताट मात्र मागे घेतलं नाही. आरजूने पटकन ती भाकरी त्यांच्या ताटात वाढली आणि मग स्वतः जेवायला बसली.